जखमेने प्यालेले मलम

मुक्या प्राण्याच्या जखमेवर मलम लावताना माणसाच्या हाताला जी थरथर सुटते, तिच्यातच सगळ्या संस्कृतीचे सार आहे. हे वाक्य माझेच आहे. अमळनेरपासून चार कोसांवरच्या एका गावात मी शाळामास्तर होतो, तेव्हा तिथल्या प्राणिदया मंडळाच्या इतिवृत्तात मी ते लिहिले, आणि त्याखाली अध्यक्षांची लफ्फेदार सही आहे. वाक्यात चूक एकच आहे. मलम लावताना कोणाच्याही हाताला थरथर सुटली नव्हती. थरथर कुत्र्याला सुटली होती, आणि ती मलम सुरू केल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले एक गृहस्थ. 'रावसाहेब' हा किताब त्यांना सरकारने दिला होता. कशाबद्दल, ते सरकारलाही आठवत नसावे, पण किताब परत मागायची पद्धत नव्हती. उपाध्यक्ष गावचे वैद्य. चिटणीस मी, कारण माझे अक्षर वळणदार होते आणि रावसाहेब शाळा कमिटीचेही अध्यक्ष होते. मंडळाकडे हिरवे कापड घातलेले टेबल होते, पितळी घंटा होती, हाताची खुर्ची होती. प्राणी तेवढा नव्हता. वर्षभरात आम्ही परमुलखातल्या घोड्यांबद्दल सहानुभूतीचा एक ठराव केला होता. सभा चालू असताना खिडकीखालून मानेला जू घासून सोललेले बैल जात. पण ते सभासदांचेच बैल असल्यामुळे तो विषय पटलावर घेता येत नसे.

मी राहत होतो अक्काच्या घरी, ओसरीलगतच्या खोलीत. अक्का साठीच्या आसपासची, विधवा. एकुलती लेक जामनेरला दिलेली. नदीकाठी अक्काचे थोडे रान होते आणि त्यात त्या साली भुईमूग होता. ती रोज एकटी रानात जायची. एकटी म्हणजे कुत्र्याबरोबर. कुत्रा काळा, उंच, एका कानाचे टोक तुटलेला. त्याला नाव नव्हते. अक्का "चाल रे" म्हणाली की तो उठे. दुसरे कोणी म्हटले तर नुसते बघे.

भुईमुगाच्या दिवसांत नदीच्या झाडीतून रानडुकरे येतात आणि एका फेरीत ओळीच्या ओळी उकरून टाकतात. अक्काचे शेत वाचत होते ते कुत्र्यामुळे. आणि शेत होते म्हणून अक्का आपल्या घरात होती. लेक आणि जावई दर सणाला निरोप धाडत, की आता एकटीने पुरे झाले, जमीन बटाईने द्या आणि इकडे या. जावई भला माणूस होता. पण जावयाच्या दारी जाऊन त्याच्या हातचे अन्न खायचे म्हटले की अक्काच्या कपाळावर जी आठी पडे, ती तिच्या जावयाने कधी पाहिली नव्हती.

काढणीला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी कुत्रा घरी आला तो मागचा पाय उचलून. मांडीवर वीतभर फाटले होते, डुकराचा सुळा. अक्काने जखम धुतली, हळद दाबली, आणि कुत्रा ओसरीवर पडून ती चाटत बसला. मी शाळेत जाताना सहज रावसाहेबांच्या कानावर घातले. या प्रकरणातली पहिली चूक माझी.

रावसाहेब खुर्चीतून उठले. मंडळाला वर्षभराने रुग्ण मिळाला होता.

"आजच सभा," ते म्हणाले. "तातडीची. मास्तर, नोटीस काढा."

"नोटीस कोणाला काढायची? तिघेच तर आहोत."

"तिघांना काढा."

सभा अक्काच्याच अंगणात भरली, टेबलासकट. वैद्यबुवांचे म्हणणे असे, की जखमेला शेंदराचे मलम. गायीचे तूप तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्याने धुवायचे आणि त्यात शेंदूर घोटायचा. त्यांच्या आजोबांनी याच मलमाने एका जहागीरदाराचे गळू बसवले होते. रावसाहेबांचे म्हणणे असे, की जग पुढे गेले आहे. त्यांनी धुळ्याहून आणलेली एक विलायती डबी खिशातून काढली. तिच्यात कार्बोलिकचे मलम होते आणि वासावरून ते खरेच असावे. डबीवरचा सगळा मजकूर त्यांनी इंग्रजीत खड्या आवाजात वाचला आणि मग आमच्यासाठी मराठी केले. शेवटची ओळ होती, फक्त बाहेरून लावण्यासाठी, पोटात घेऊ नये. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. मलम पोटात कोण घेतो?

तासभर वाद झाला. उपाध्यक्ष अध्यक्षांपुढे नमेनात आणि अध्यक्ष आजोबांच्या गळवापुढे नमेनात. शेवटी अशा वेळी सभ्य माणसे जे करतात तेच आम्ही केले. दोन्ही मलमे एकत्र करायचे ठरले, एकमताने. तूप रावसाहेबांच्या घरच्या गायीचे. मंडळाचा पहिलाच रुग्ण, तेव्हा तुपात कसूर नको.

वैद्यबुवांनी तूप स्वतः धुतले. साठाच्या पुढे कुठेतरी मोजणी चुकली, तेव्हा ते पुन्हा एकपासून सुरू झाले. त्यांचा प्रामाणिकपणा मी इतिवृत्तात नमूद केला आहे. संध्याकाळी पितळी डबा भरून नारिंगी रंगाचे मलम तयार झाले. त्याचा अर्धा वास सणाच्या स्वयंपाकघराचा होता आणि अर्धा इस्पितळाचा. कुत्र्याने नाक वर केले. अर्धाच वास त्याला पुरेसा होता.

अक्का इतका वेळ चुलीपाशी बसून ऐकत होती. ती बाहेर आली.

"रावसाहेब, हाई मलमले तूपना वास शे."

"गायीचं तूप आहे, अक्का. घरचं."

"तेच सांगस मी. मना कुत्राले जीभ शे."

वैद्यबुवा हसले. "जीभ सगळ्यांनाच असते, अक्का. काही जण ती आवरतात."

"तो कुत्रा शे, नाना," अक्का म्हणाली. "उपाध्यक्ष नही."

रावसाहेबांनी घंटा वाजवली. अंगणात सभासद नसलेल्यांना बोलायची परवानगी नव्हती, अंगण त्यांचे असले तरी.

मलम बोटभर जाडीने लावण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ पाहणीला आले तो जखमेवर मलमाचा ठिपकासुद्धा नव्हता. मांडी लख्ख, ओली, गुलाबी. वैद्यबुवा वाकले, त्यांनी बोट टेकवले आणि हळूच म्हणाले, "प्यायली."

"काय?"

"जखम मलम प्यायली, रावसाहेब. आत ओढून घेतलं. आजोबा म्हणायचे, खरं मलम वर राहत नाही."

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि मी लिहिले: 'मलम जखमेत पूर्णपणे जिरले.' जखमेची तहान एवढी मोठी म्हटल्यावर मात्रा दुप्पट करणे ओघानेच आले. दुपारपर्यंत तेही जिरले. मग दिवसातून तीन वेळा लावायचे ठरले. मंडळी डबा घेऊन फाटकात दिसली की कुत्रा पडल्या पडल्या शेपूट आपटू लागला. रावसाहेबांनी याला कृतज्ञता म्हटले, आणि मुके प्राणी उपकार कसे जाणतात यावर चार वाक्ये बोलले. ती मी घेतली आहेत. डबा अर्धा झाला होता.

तिसऱ्या दिवशी कुत्र्याने भाकरीकडे पाहिले नाही. उभा राहिला तर मागचे पाय लटपटू लागले, दुखरा आणि चांगला, दोन्ही. तोंडाला फेस आला, मग त्याने अंगणात ओकारी काढली. ओकारी नारिंगी होती.

"उत्तम," वैद्यबुवा म्हणाले. "विष बाहेर पडतंय."

विषाचा रंग शेंदरी असतो हे मला त्या दिवशी समजले. मंडळ सकाळची मात्रा लावून निघाले. मीही इतिवृत्ताची वही काखेत मारून निघणार, तो अक्काने दार अडवले.

"मास्तर, तुम्ही आठे बठा. दया ठेवा बाजूले. डोया उघडा ठेवा."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. अक्का खांबाला टेकून उभी राहिली. मंडळींची पाठ फाटकाबाहेर वळते न वळते तोच कुत्र्याने मान वाकडी केली आणि कामाला लागला. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेला माणूसही शेवटची बासुंदी वाटीच्या कडेने जशी निगुतीने पुसून घेतो, तशी त्याने मांडी वरून खाली पुसून घेतली. अंगात ताप, पाय थरथरताहेत, पण तुपावरचा विश्वास अढळ. सुपारी कातरून होईल एवढ्या वेळात जखम पूर्णपणे प्यायली होती.

"जखम पेस का, कुत्रा पेस?" अक्का म्हणाली.

माझ्या मांडीवर वही होती. 'जिरले' हा शब्द त्यात तीन दिवसांत सात वेळा आला होता, माझ्या वळणदार अक्षरात.

मी रावसाहेबांकडे गेलो. "रावसाहेब, कुत्रा मलम चाटतो."

"इतिवृत्तात काय नोंद आहे?"

"जिरले, अशी."

"सही कोणाची?"

"आपली."

"मग?"

मी उभाच राहिलो तेव्हा त्यांनी वैद्यबुवांना बोलावणे धाडले, आणि दोघांनी मिळून माझ्या शंकेचाही बंदोबस्त केला. कुत्रा चाटत नाही हे सिद्धच होते. तरी उगाच बोलायला जागा नको म्हणून त्याचे तोंड बांधावे. मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून आमच्याकडे त्याच्या तोंडाला दोरीचे मुसके घालतात. रावसाहेबांच्या गोठ्यातले एक मुसके आणून कुत्र्याच्या तोंडावर तीन वेढे देऊन आवळले. वर नव्याने मलम थापले. मंडळ गेले.

भादव्याचे ऊन होते. कुत्र्याचे तोंड मिटलेले, पाणी पिता येईना, धाप टाकायला जीभ बाहेर काढता येईना. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या चालू लागल्या आणि डोळे वर गेले. अक्का विळा घेऊन आली आणि एका फटक्यात मुसके कापले.

"जीभ बांधी टाकी! तो दम कसा लेई?" ती कोणाला म्हणाली कोण जाणे, तिथे मीच होतो. मग तिने मांडीवरचे मलम चिंधीने पुसले आणि म्हणाली, "गाडी जुपा."

मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी जुंपली. अमळनेरला गुरांचा सरकारी दवाखाना होता. कुत्रा गाडीत गवतावर, त्याचे डोके अक्काच्या मांडीवर. अक्काच्या गाडीचा आस, म्हणजे चाकांमधला कणा, जुना होता, तो चारही कोस कण्हत होता. कुत्रा कण्हत नव्हता. ते जास्त वाईट होते.

वाटेत अक्का एकदाच बोलली. "हाऊ गया ते माले जामनेर शे, मास्तर." गया म्हणजे मेला, हे सांगायला नको. पुढे दोन कोस मी बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसलो.

दवाखान्यातला डॉक्टर किडकिडीत, खाकी कोटातला, बाह्या वर केलेला माणूस होता. त्याने आधी हात धुतले, हे माझ्या लक्षात राहिले आहे, कारण आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात हात धुतल्याची नोंद कुठेही नाही. त्याने कुत्र्याच्या हिरड्या पाहिल्या, जखमेचा वास घेतला.

"काय लावलंत?"

मी सांगितले. शतधौत तूप, शेंदूर, कार्बोलिक.

तो म्हणाला, "बरोबर पोळी होती का?"

मी डबा केवढा होता ते हाताने दाखवले.

"मास्तर, शेंदूर म्हणजे शिसं. कार्बोलिक कातडीलाही भाजतं, पोटात गेलं तर विचारू नका. आणि तुम्ही ते तुपात घालून वाढलंत, दिवसातून तीनदा. जखमेचं काही नाही. धुतली, मोकळी ठेवली की भरेल. कुत्र्याचं परवा सांगतो."

अक्काने विचारले, "लावानं काय मग?"

"काही नाही, अक्का. भोवतीचे केस कापा. पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, निवू द्या, त्याने रोज दोनदा धुवा. मलम लावायचंच असेल तर मला विचारून, पातळ, आणि असं की त्याने चाटलं तरी चालेल. कारण तो चाटणारच. आणि लावलं तरी सुकेपर्यंत त्याचं तोंड तिकडे पोचता कामा नये. माणसाच्या डबीतलं त्याला लावायचं नाही. पू झाला, घाण वास आला, सूज चढली, तर इथे आणा." मग माझ्याकडे वळून, "सभा घेऊ नका."

त्याने कुत्र्याला जुलाबाचे मीठ पाजले, वर दूध. मांडी साबणाच्या पाण्याने धुऊन उरलेला नारिंगी रंग काढला. मग नोंदवही उघडली आणि अडला. वहीत बैल होता, गाय, म्हैस, घोडा, शेळी होती. कुत्र्याला रकाना नव्हता. सरकारी कागदांत कुत्रा पिसाळतो तेवढा. आजारी पडत नाही. डॉक्टरने क्षणभर विचार केला आणि लिहिले: 'वासरू, काळे, एक.'

दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली काढले. कुत्रा पडून होता. अक्का त्याच्या ओठांवर ओले फडके पिळी. शाळा बंद होती, म्हणजे मी ती बंद ठेवली होती. अक्काला इथून तिचे शेत दिसत नव्हते, पण ती सारखी नदीच्या दिशेला बघत असे. राखण नसलेल्या भुईमुगात काय चालले असेल ते तिला कोणी सांगायला नको होते.

तिसऱ्या सकाळी कुत्र्याने डोके उचलले, पाणी प्यायला, आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. मग मान वळवून पहिले काम केले ते जखम चाटण्याचे.

"पाह्यं?" अक्का म्हणाली. "बरा व्हयना." व्हयना म्हणजे झाला.

आता चाटणे थांबवायचे कसे, हा प्रश्न होता. डॉक्टरलाही आधी मुसकेच सुचले; अक्काने त्याला तोंड बांधल्यावर काय झाले ते सांगितले आणि तो म्हणाला, "बरोबर आहे, मी चुकलो." हे चार शब्द किताब असलेल्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मग अक्का बाजारात गेली, बांबूची एक टोपली घेऊन आली, विळ्याने तिचे बूड कापून काढले, कडेला चिंधी गुंडाळली आणि टोपली कुत्र्याच्या गळ्यात अडकवली, तोंड पुढे, झालरीसारखी. आता त्याला पाणी पिता येई, धाप टाकता येई, भुंकता येई. मांडीपर्यंत तेवढे पोचता येईना. रावसाहेबांच्या दिवाणखान्यात इंग्लंडच्या कुठल्याशा जुन्या राणीची तसबीर होती, तिच्या गळ्याभोवती अशीच ताठ झालर होती. गावात परतलो तेव्हा कुत्रा गाडीच्या तोंडाशी त्याच थाटात उभा होता, आणि लोक वाट देत होते.

मिठाचे पाणी, दोनदा. बाकी काही नाही. बारा-तेरा दिवसांत जखम भरली. डुकरांनी मधल्या काळात नदीकडच्या सहा ओळी नेल्या होत्या. उरलेला भुईमूग अक्काने काढला, कुत्रा बांधावर बसून होता. दिवाळीला जामनेरहून निरोप आला. अक्काने उलटा निरोप धाडला, की यंदा जमायचे नाही, शेंगा पाठवते.

रावसाहेबांनी विजयसभा घेतली. कुत्रा बरा झाला होता, मंडळाने मलम लावले होते; मधल्या गोष्टी इतिवृत्तात 'नंतरची शुश्रूषा' या दोन शब्दांत बसल्या. मला म्हणाले, "मास्तर, सुरुवातीला एखादं भारदस्त वाक्य टाका." शाळा बंद ठेवल्याचा खुलासा शाळा कमिटीने माझ्याकडून अजून मागितलेला नव्हता आणि शिंदखेड्याकडची एक शाळा मास्तरावाचून रिकामी होती, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. मी थरथरीचे वाक्य लिहिले. रावसाहेबांनी ते दोनदा वाचायला लावले.

सभेच्या शेवटी उरलेल्या मलमाचा डबा फुलांचा हार घालून अक्काला समारंभाने देण्यात आला. "जपून वापरा, अक्का," वैद्यबुवा म्हणाले. "पुन्हा असं मलम होणे नाही."

"जपसू, नाना," अक्का म्हणाली.

तिने ते गाडीच्या आसाला घातले. आस चार महिने वाजला नाही. तेवढे चार महिने तिने कुत्र्याला गाडीजवळ फिरकू दिले नाही.